पंखा मीच उलटा लावला होता

आमच्या सुनेने कॉम्प्युटर जाळला, असं आमच्या नात्यात गेली अकरा वर्षं बोललं जातं. लग्नात, बारशात, तेरवीच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी हसत हसत तो विषय काढतं, आणि ती वाढत राहते. ते बोलणं खोटं आहे. तो कॉम्प्युटर मी जाळला. कसा जाळला आणि जाळल्यावर काय केलं, ते इथे लिहितो. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. ज्यांनी ती गोष्ट ऐकली आणि पुढे सांगितली, त्यांनी ही पण वाचावी, एवढंच म्हणणं आहे.

चौतीस वर्षं मी वडशातल्या राइस मिलमध्ये फिटर होतो. मिलमध्ये तसं सगळंच काम करावं लागतं, पण माझा हात बसला होता ब्लोअरवर. धान भरडलं की तांदूळ आणि तूस एकत्र बाहेर पडतात. त्यातलं तूस उडवून न्यायचं आणि दाणा जागेवर ठेवायचा, हे काम वाऱ्याचं. वारा कमी पडला तर तांदळात तूस राहतं. जास्त झाला तर तांदूळही उडून तुसाच्या ढिगात जातो, आणि मालक ढिगात हात घालून मूठ तुमच्यासमोर उघडतो. ब्लोअरच्या तोंडाशी तळहात धरला की पट्टा ढिला आहे की पाती झिजली आहेत, हे मला कळायचं. नागभीडपासून आरमोरीपर्यंतच्या मिलवाल्यांनी मला बोलावून नेलं आहे. लोक मला वाऱ्याचा मिस्त्री म्हणायचे. फुशारकी म्हणून हे सांगत नाही. पुढचं सगळं या फुशारकीतूनच झालं, म्हणून सांगावं लागतं.

मी काम सोडून घरी बसलो, त्याच वर्षी मुलाचं लग्न झालं. सून ब्रह्मपुरीकडच्या एका गावची. लग्नाआधी ती टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची आणि त्या कमाईतून तिने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला होता. लग्नानंतर आठ दिवसांनी तो टेम्पोतून आमच्या दारात आला. मुलाने मॉनिटर उचलला. मी तो उभा पत्र्याचा डबा उचलला, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात आणि ती कॅबिनेट म्हणायची.

"मामाजी, सांभाळून," ती म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. "सारं त्याच्यातच आहे."

ती सासरी येऊन माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

कॉम्प्युटर समोरच्या खोलीत ठेवला. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, गावागावांत नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात, आणि त्या नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात. प्रत्येक नाटकाला पोस्टर लागतं, पत्रक लागतं, कलाकारांचे फोटो गोल करून, मागे ज्वाळा किंवा देऊळ टाकून द्यावे लागतात. वर्षभरात तिच्याकडे एवढं काम आलं की मुलाने दारावर पाटी लावली. उन्हाळ्यात लेखक मंडळी नवीन नाटकांच्या वह्या घेऊन यायची. त्या टाइप करून, प्रती काढून द्यायच्या, म्हणजे दसऱ्यानंतर तालमी सुरू करता येतात.

लेखकांचं अक्षर वाचणं अवघड. मला मात्र मिलच्या पावत्या वाचण्याची सवय. त्यामुळे आमची जोडी जमली. मी खुर्चीवर वही घेऊन बसायचो आणि मोठ्याने वाचायचो, ती टाइप करायची. नुसतं वाचून मजा येत नाही, म्हणून मी आवाज बदलून वाचायचो. पाटील वेगळा, त्याची म्हातारी आई वेगळी.

"मामाजी, खलनायकाले जरा दम घेऊ द्या," ती म्हणायची. "माह्ये बोटं दुखून राह्यले."

"त्यानं दम घेतला तर नायिका पळून जाईन."

"जाऊ द्या न मंग. सुटली बिचारी."

आतून माझी बायको म्हणायची, "दोघंबी नाटकात जा. मी इथी भाकरी थापतो." आमच्या भागात बाया थापतो, जातो असंच बोलतात.

कधी कधी वही संपल्यावर, पोस्टरचं काम नसतानाही ती कॉम्प्युटरसमोर बसलेली असायची. त्या टाइपिंगचा आवाज वेगळा होता. माझ्या वाचण्यावर ती करायची ते भरभर, पावसासारखं. हे हळू. चार अक्षरं, मग शांत, मग दोन, मग मागे जाऊन पुसलेली. मी एकदा विचारलं, काय चाललंय. "असंच," म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

वडशाचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगावं. मे महिन्यात भिंतीला पाठ टेकवता येत नाही. त्यात आमच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मिल. भट्टीत तूस जळतं आणि त्याची राख बारीक, काळी, हलकी, सगळ्या घरांत येऊन बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्यावर, पापडांवर. ती कॉम्प्युटरमध्ये जाणार नाही असं कसं होईल. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो चालता चालता बंद पडायला लागला. अर्धा तास चालला की पडदा काळा.

ती दर रविवारी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढायची आणि रंगाच्या मऊ ब्रशने आतली राख झाडायची. मी शेजारी बसून पाहायचो. आत पंखे होते. एक प्रोसेसरच्या डोक्यावर, एक मागच्या बाजूला, एक वीज येते त्या पेटीत. हातभर डब्यात तीन ब्लोअर. मला फार गंमत वाटली.

"हा मागचा काय करते?"

"बाहेर फेकते. हवा समोरच्या जाळीतून आत येते, गरम होते, आन मागून निंगून जाते."

"आन आपला कूलर कुठी आहे?"

कूलर मागच्या खिडकीत होता. कॅबिनेटची पाठ बरोबर कूलरकडे.

"थंडी हवा मागं, आन हा पंखा तिच्याच तोंडावर गरम हवा फेकून राह्यला," मी म्हणालो. "याले उलटा फिरव. थंडी हवा आत घेईन. आन समोरची जाळी बुजवून टाक, राख तिथूनच येते."

ती हसली. "मामाजी, हे मिल नोहे. याले हात नोका लावू."

"चौतीस वर्षं..."

"मले माहीत आहे. पण हात नोका लावू."

तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. मला ते लागलं. ज्याला चार तालुक्यांतून बोलावणं यायचं, त्याला स्वतःच्या घरात एका वीतभर पंख्याला हात लावायची मनाई.

पुढच्या आठवड्यात ती माहेरी लग्नाला गेली, तीन दिवसांसाठी. मी पहिल्याच दिवशी पेचकस घेऊन बसलो.

मिलच्या मोटरची दिशा बदलायची तर तीनपैकी दोन वायरांची अदलाबदल करतात. मी पंख्याच्या लाल आणि काळ्या वायरची अदलाबदल केली. पंखा फिरलाच नाही. वायर पूर्ववत केल्या, मग चारही स्क्रू काढून पंखाच फिरवून बसवला, तोंड आत. चालू करून हात लावला. कूलरची ओली, गार हवा आत चालली होती. मला फार बरं वाटलं. मग बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा घेतला, समोरच्या जाळीमागे बरोबर बेतून बसवला आणि कडेने चिकटपट्टी लावली. बाहेरून काही दिसत नव्हतं. राखेचा एक कणही आत जाणार नव्हता.

आल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. ती आली तेव्हा वाटलं, आत्ता सांगितलं तर काढायला लावेल. महिनाभर चालू दे. मशीन बंद पडत नाही हे तिला दिसू दे, मग सांगू, म्हणजे तिलाच कबूल करावं लागेल.

आणि मशीन खरंच बंद पडेना. हे मी आज मुद्दाम लिहितो, कारण चूक किती बेमालूम होती ते यावरून कळतं. प्रोसेसर पाठीशी आहे, त्याला गार हवा मिळाली. तो खूश. पण कॅबिनेटच्या पुढच्या भागात हार्ड डिस्क असते, जिच्यात सगळं काम साठतं. समोरच्या जाळीतून येणारी हवा आधी तिच्यावरून जायची. ती वाट मी लुगड्याने बुजवली होती. मागून आत घेतलेली हवा प्रोसेसरवरून फिरून, त्याची गरमी घेऊन पुढच्या कोपऱ्यात जाऊन कोंडत होती. वाऱ्याला जायला वाट लागते, हे मिलमध्ये झाडू मारणारी बाईही जाणते. मी विसरलो.

"यंदा बंद पडत नाई काऊन?" ती एकदोनदा म्हणाली, खूश होऊन. मी गालात हसलो. बंद पडत नाही म्हणून ती जास्त वेळ बसायला लागली. दिवसभर चालायचं. वह्यांचं काम संपलं की ते दुसरं, हळू टाइपिंग.

अठरा-वीस दिवसांनी, जेवणाच्या वेळेला, डब्यातून आवाज यायला लागला. टक, टक, टक, जसा दगड अडकल्यावर मिलमध्ये धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरचा डोल वाजतो. मग पडदा निळा झाला, मग काळा. तिने पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मी कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला तळहात लावला आणि काढून घेतला. तवा.

त्या क्षणी मला सगळं समजलं. वाऱ्याचा मिस्त्री होतो ना.

ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मुलगा म्हणाला, उद्या सकाळी ब्रह्मपुरीला दुरुस्तीवाल्याकडे नेऊ. दुपारी सगळे झोपले. मी पेचकस घेतला, चार स्क्रू काढले, पंखा होता तसा सरळ बसवला. लुगड्याचा तुकडा काढला, चिकटपट्टीचा डिंक रॉकेलने पुसला. तुकडा चुलीत घातला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. एवढं स्वच्छ काम मी मिलमध्येही कधी केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं, पंखे फिरवून पाहिले, सगळं ठीक. मग हार्ड डिस्क हातात घेऊन कानाशी हलवली.

"ही गेली. गरम होऊन गेली. किती वेळ चालू राहते मशीन?"

ती खरं बोलणारी. "कधी कधी दिवसभर."

"मंग काय होईन दुसरं."

"यातलं काही निंगन का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

मुलगा तिला तिथेच बोलला. फार नाही, पण दुकानात दोन गिऱ्हाईकं होती त्यांच्यासमोर. "मशीनले बी काही जीव असते का नाई? दिवसभर कोण चालवते?" तिने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते माहीत नाही. कदाचित मी तिची बाजू घेईन असं वाटलं असेल. एरवी मी घ्यायचोच. मी म्हणालो, "मिलच्या मोटरलेबी आराम द्या लागते. तासाले दहा मिनिटं."

पंखा फिरवला ती चूक होती. लुगडं जाळलं ते भ्यायल्यामुळे. पण हे वाक्य मी विचार करून बोललो.

लेखकांच्या वह्या होत्या, त्या तिने पुन्हा टाइप केल्या. नवी हार्ड डिस्क बसवली. कंपनीवाल्यांना उशीर झाला, त्यांनी आरडाओरड केली, नात्यात गोष्ट पसरली, आणि माझ्या चुलतबहिणीने एका लग्नात तिची ओळख करून दिली, "हे आमची कॉम्प्युटर जाळणारी." सगळे हसले. तीही हसली.

आणि त्या दिवसापासून, अकरा वर्षं, ती दर तासाला मशीन बंद करते. हंगामात कंपनीचा माणूस दारात उभा असला तरी. तास झाला की सगळं जतन करून बंद, आणि घड्याळाकडे पाहत दहा मिनिटं. सुरुवातीला ती हात मांडीवर ठेवून तिथेच बसून राहायची. ते मला बघवेना. मी चहा करायला लागलो. बायको म्हणाली, जन्मात कधी चुलीजवळ गेला नाही हा माणूस, आता याला काय झालं. अंगणातल्या बाजेवर मी आणि सून कपभर चहा घेऊन बसायचो. ती कंपन्यांच्या गमती सांगायची, कोणत्या नटाला पोस्टरवर आपला फोटो दुसऱ्यापेक्षा मोठा हवा, कोणती नटी जुनाच फोटो वापरा म्हणते. खरं सांगायचं तर माझ्या म्हातारपणातला सगळ्यात चांगला वेळ तोच आहे. तो मला माझ्या खोटेपणातून मिळाला, हे मला प्रत्येक घोटाला आठवायचं.

ते दुसरं, हळू टाइपिंग मात्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर तिने नवं मशीन घेतलं. पोस्टर आता मोठी, जड झालीत, जुनं झेपत नव्हतं. नव्या कॅबिनेटला एका बाजूने काच आहे. समोर दोन पंखे, मागे एक, वर दोन. समोरच्या जाळीला बारीक चाळणी आहे, ती चुंबकाने चिकटते, काढून नळाखाली धुता येते. आतल्या प्रत्येक भागाची गरमी पडद्यावर आकड्यांत दिसते. तिने सगळं स्वतः जोडलं आणि मला हाक मारली.

"मामाजी, या. तुमची परीक्षा."

तिने उदबत्ती पेटवली. समोरच्या जाळीजवळ धरली. धूर सरळ वर जायचा सोडून आडवा झाला आणि आत शिरला. मागे धरली, तर धूर बाहेर ढकलला जात होता. वर धरली, तिथेही बाहेर.

"सांगा. बरोबर आहे का वारा?"

"बरोबर आहे."

"वाऱ्याच्या मिस्त्रीनं पास केलं," ती म्हणाली, आणि उदबत्ती देवाजवळ नेऊन लावली. मग कामाला बसली. तास झाला. ती बंद करायला लागली.

मी म्हणालो, "आता काऊन बंद करतेस? एवढे पंखे आहेत. आकडा तर पाहा, अडतीस आहे."

"नाई मामाजी. एक माह्या हातानं गेली न."

तिने बंद केलं आणि घड्याळाकडे पाहत बसली. मी चहा ठेवायला उठलो होतो, तो पुन्हा बसलो. मी तिला सांगून टाकलं. पंखा, लुगडं, चुलीत घातलेला तुकडा, दुकानातलं वाक्य. मी मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढचं राहून गेलं असतं.

तिने घड्याळावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "हिरवं होतं का लुगडं?"

"हो."

"मले जाळीत धागा सापडला होता. हिरवा. दुकानातून आणल्यावर. माह्याकडे हिरवी साडी होती. मले वाटलं, पदर लटकून राह्यला असन तोंडावर, म्हणून हवा नाई गेली. मी कोणाले सांगतलं नाई. तो धागा फेकून देल्ला."

म्हणजे एवढी वर्षं तिच्याजवळही एक लपवलेलं होतं, आणि तेही माझंच.

"त्याच्यात माह्यं नाटक होतं," ती म्हणाली.

"कोणतं?"

"माह्यं. मी लिहून राह्यली होती. दोन अंक झाले होते. कागदावर काही नोहतं, तसंच मशीनवर." मग एक एक शब्द मोजल्यासारखं ती बोलली. "मी त्याच्यासाठीच जास्त वेळ बसत होती. म्हणून मले वाटलं, आपल्या हौसेपायी मशीन जळली. लोकाईचं काम बी गेलं."

ती उठून आत गेली. त्या दिवशी ती चहाला आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, "मामाजी, भाजी घ्या" म्हणायची. तास झाला की मशीन बंद करून खोलीतच बसायची. मी बाजेवर दोन कप घेऊन बसायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. बायकोला सांगावं लागलं. ती धान पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "सारा जन्म मिलचा वारा खाल्ला आन एक डब्बा नाई समजला. आन माह्यं लुगडं घेतलं ते घेतलं, नाव बी तिचं लावलं." मुलाला सांगितलं. तो फक्त "बाबा" म्हणाला आणि गाडी घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा सरळ सुनेजवळ गेला. काय बोलला ते माहीत नाही, ते विचारायचा मला हक्क नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. काचेची बाजू काढलेली होती. टेबलावर पेचकस.

"मामाजी, लावून दाखवा कसा लावला होता."

"आता काऊन?"

"मले पाह्यचं आहे."

तिने समोरचे आणि वरचे पंखे बंद केले, म्हणजे जुन्या मशीनसारखी अवस्था झाली. वरच्या जाळीवर पुठ्ठा ठेवला. चौथा स्क्रू दोनदा खाली पडला, तो तिने उचलून दिला. मी पंखा काढला, उलटा फिरवला, बसवला. तिने सासूला कापड मागितलं. बायकोने पेटीतून एक तुकडा आणून दिला आणि जाता जाता मला म्हणाली, "याचा बी हिशोब ठेवतो मी." सून ते जाळीमागे बसवत होती, मी चिकटपट्टी दिली. मग काच लावली आणि मशीन चालू केलं. ती एक मोठं पोस्टर उघडून काम करत राहिली, आणि आम्ही दोघं पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे पाहत बसलो.

प्रोसेसर जागेवर होता, फार हलला नाही. हार्ड डिस्कचा आकडा चढायला लागला. अडतीस, एकोणचाळीस. थोडा वेळ काही नाही, मग एक्केचाळीस. अर्ध्या तासात एकोणपन्नास झाला, आणि ते माघ महिन्यातल्या, कूलर लागत नाही अशा सकाळी. मे महिन्यातल्या दुपारी काय झालं असेल, ते मी बोललो नाही.

"तास बी नाई झाला," ती हळूच म्हणाली.

"नाई."

तिने मशीन बंद केलं, कापड ओढून काढलं. "लावा सरळ."

मी लावला. तिने पुठ्ठा काढला, मशीन आणि सगळे पंखे पुन्हा चालू केले, आणि आम्ही दोघंही आकडा पुन्हा खाली येईपर्यंत बसलो. बराच वेळ लागला. चाळीसच्या खाली आल्यावर ती म्हणाली, "माह्या भावाले फोन करून सांगा हे. आन तुमच्या चुलतबहिणीले बी."

मी दोन्ही फोन केले, तिच्यासमोर. चुलतबहीण आधी हसली, मग म्हणाली, भाऊ, मी तर मजाकमध्ये बोलत होती. मी म्हणालो, मजाक माझ्यावर कर. पण नातं मोठं आहे, फोन किती करणार. म्हणून हे लिहिलं.

हे मी हाताने लिहून टाइप करायला तिलाच दिलं. तिने वाचून दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, रंगाचा ब्रश नव्हता, दाढीचा होता, माझाच जुना. दोन, खलनायक मी चांगला वाचायचो, पण म्हातारी आई अजिबात नाही. पहिली दुरुस्ती खरी असेल, पण वर ती केलेली नाही, कारण ब्रश दाढीचा होता हे मला अजूनही आठवत नाही. बाकी एक शब्दही तिने बदलायला सांगितला नाही.

काल दुपारी ती टाइप करायला बसली. मी चहा करून बाजेवर नेला. आत भरभर आवाज चालला होता. तास झाला. मी घड्याळ पाहिलं. मशीन बंद झालं नाही. आणखी थोड्या वेळाने आवाज थांबला, म्हणून मी दोन्ही कप जवळ ओढले, पण ती बाहेर आली नाही. मग पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी हळू. चार अक्षरं, थांबणं, दोन अक्षरं. माझं अक्षर अडत असेल, असंही वाटलं. उठून विचारलं नाही. तिच्या कपावर बशी झाकून ठेवली.